वाचकांचे प्रश्न: खाते कुणाचे, वही कुणाची?

‘खाते’ या शब्दावर या वेळी इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकावे लागले. वाण्याची वही, बँकेचे पासबुक, तलाठ्याचे दप्तर आणि मंत्रिमंडळ या चारही ठिकाणी हा शब्द चालतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा चालतो. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

मी बँकेत पैसे भरले की मोबाइलवर ‘खात्यात जमा’ असा संदेश येतो. अकरावीतली माझी मुलगी मात्र म्हणते, पुस्तपालनात बँकेत पैसे भरले की बँक खाते ‘नावे’ करायचे. दोघांपैकी बरोबर कोण? (एक पालक, सातारा)

दोघेही बरोबर आहेत, कारण वह्या दोन आहेत. तुम्ही ५,००० रुपये भरलेत असे धरू. तुमच्या वहीत बँक खाते नावे (डेबिट) ५,००० आणि रोख खाते जमा (क्रेडिट) ५,००० अशी नोंद होते. बँकेच्या वहीत रोख खाते नावे ५,००० आणि तुमच्या नावाचे खाते जमा ५,००० होते. त्या क्षणापासून बँक तुमचे ५,००० रुपये देणे लागते, आणि ज्याचे आपण देणे लागतो त्याचे खाते आपल्या वहीत जमा बाजूला असते. मोबाइलवरचा संदेश आणि पासबुक हे बँकेच्या वहीचे उतारे आहेत. मुलगी लिहिते ती तुमची वही.

मुलीच्या पुस्तकातले नियम थोडक्यात असे. व्यक्तीचे खाते असेल तर घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा. मालमत्तेचे असेल तर येते ते नावे, जाते ते जमा. उत्पन्न-खर्चाचे म्हणजे नामधारी खाते असेल तर खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. कोणताही व्यवहार लिहिण्याआधी ‘आत्ता मी कुणाची वही लिहितोय?’ हे ठरवले की निम्मा घोळ मिटतो. परीक्षेत सर्वाधिक गुण याच ठिकाणी जातात: मुले पासबुक डोळ्यांसमोर ठेवून व्यापाऱ्याची नोंद करतात.

आणखी एक खूण सांगतो. पासबुकात शिल्लक रकमेपुढे ‘नावे’ किंवा इंग्रजी ‘डीआर’ असे दिसले, तर ती तुमची शिल्लक नाही. तेवढी रक्कम तुम्ही बँकेची देणे लागता. चालू खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतलेल्यांना हे रोज दिसते, पण बचत खात्यावर दिसले तर त्याच दिवशी शाखेत विचारावे.

आजोबांच्या दुकानाच्या जुन्या वह्या सापडल्या. त्यात डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे आहे. आजच्या हिशेबात तर नेमके उलटे असते. वही उलटी लिहिली आहे का? (बार्शी)

वही सुलटीच आहे. देशी पद्धतीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असाच रिवाज होता. आज शिकवतात त्या पद्धतीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते.

वह्या वाचायच्या असतील तर आधी कीर्द आणि खतावणी वेगळ्या काढा. कीर्द, म्हणजेच रोजकीर्द किंवा रोजमेळ, तारखेवार असते. दिवसाच्या आरंभीची शिल्लक जमेत धरून खाली जमा बाजूला दिवसभराची आवक आणि नावे बाजूला जावक लिहीत. रात्री दोन्हींतला फरक गल्ल्यातल्या रोकडीशी जुळवीत. खतावणी माणसावार असते: प्रत्येक गिऱ्हाईक, प्रत्येक व्यापारी आणि प्रत्येक खर्च यांना स्वतंत्र पान. कीर्दीतली रक्कम त्या त्या पानावर नेऊन लिहिणे म्हणजे खतावणे.

देशी पद्धतीची सोय इथे दिसते. कीर्दीत जमेला असलेली रक्कम खतावणीतही जमेलाच जाते आणि नावे असलेली नावेच जाते. रोकडीचे वेगळे पान लागत नाही, कारण कीर्द हेच रोकडीचे खाते. आजच्या पद्धतीत रोख पुस्तकाच्या नावे बाजूची रक्कम खतावणीत समोरच्या खात्याला जमा होते, म्हणजे बाजू बदलते, आणि नवशिका कारकून इथेच चुकतो. आमच्या मते, एकट्याने चालवायच्या लहान दुकानाला जुनी पद्धत अजूनही जास्त सोपी आहे.

पानाच्या तळाला बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्याला ‘मागील पानावरून’ असे दिसेल. याला बाकी ओढणे म्हणतात. बोलताना आपण ‘मागील पानावरून पुढे’ म्हणतो, ते इथूनच. एखाद्या पानावर ‘उचंत’ असे शीर्षक असेल तर ते तात्पुरत्या रकमांचे खाते. कुणाला घाईत पैसे दिले पण कशापोटी ते अजून ठरले नाही, अशी रक्कम उचंतात टाकीत आणि उलगडा झाला की योग्य खात्यावर वळती करीत. वर्षअखेरीस उचंत खाते निरंक नसेल तर मालक मुनिमाला धारेवर धरी, आणि ते योग्यच होते. आजही ज्या संस्थेचे उचंत खाते वर्षानुवर्षे फुगत जाते, तिचा ताळेबंद जरा सावधपणे वाचावा.

माझे किराणा दुकान आहे. बरीच गिऱ्हाइके ‘खात्यावर मांडा’ म्हणून माल नेतात. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे २६,००० रुपये अडकले आहेत. वहीत सगळे लिहिलेले आहे. कोर्टात वही पुरेशी होते का? आणि किती वर्षे थांबता येते? (जिल्हा जालना)

नुसती वही पुरेशी होत नाही. व्यवसायात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून ग्राह्य आहे. पण केवळ त्या नोंदीवर एखाद्यावर देणे लादता येत नाही, असे कायदाच सांगतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ३४ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २८ आहे. कारण उघड आहे. वही तुमची, हात तुमचा, त्यात गिऱ्हाइकाचे काहीच नाही. म्हणून जोडीला दुसरे काहीतरी लागते: सही केलेली पावती, मालाचे बिल, व्हॉट्सॲपवर आलेली यादी, यूपीआयने अधूनमधून आलेले पैसे किंवा साक्षीदार.

मुदतीचे गणित मात्र बहुतेक दुकानदारांचे चुकते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी, उधारीची ठरावीक मुदत नसेल तर, माल दिल्याच्या दिवसापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. प्रत्येक वेळी नेलेल्या मालाची ३ वर्षे वेगळी मोजली जातात. ‘खाते चालूच आहे, त्यामुळे शेवटच्या नोंदीपासून मोजू’ हा समज सर्रास दिसतो. शेवटची नोंद पाहण्याचा नियम परस्पर व्यवहाराच्या चालू खात्याचा आहे (तिथेही मोजणी त्या नोंदीच्या वर्षअखेरीपासून होते), म्हणजे तुम्ही त्याला माल देता आणि तोही स्वतंत्रपणे तुम्हाला माल देतो, असे खाते. शेतकरी दुकानात तूर घालतो आणि तिथूनच खत-बियाणे उचलतो, अशा ठिकाणी तो लागू पडू शकेल. साखर-चहा नेणाऱ्या गिऱ्हाइकाचे खाते एकतर्फी असते.

मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ३ वर्षे संपण्याआधी गिऱ्हाइकाने देणे लेखी कबूल करून सही करणे. दोन, मुदतीतच थोडी रक्कम भरणे आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी असणे. तोंडी ‘देतो की, पळून चाललोय का?’ याने मुदत वाढत नाही. मुदत संपल्यावर घेतलेल्या साध्या कबुलीचाही त्यासाठी उपयोग नाही.

तेव्हा सवय अशी लावा. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र पान द्या. तारीख, माल, वजन किंवा नग, दर, रक्कम आणि चालू बाकी असे रकाने ठेवा. ‘किराणा ८४०’ असे मोघम लिहू नका, वादात पहिला प्रश्न ‘काय नेले होते?’ हाच येतो. महिन्याच्या शेवटी बाकी काढून गिऱ्हाइकाची बाकीखाली सही घ्या. सही मागायला संकोच वाटत असेल तर बाकीचा आकडा मोबाइलवर पाठवा आणि ‘बरोबर’ असे उत्तर मागवा. ते सहीइतके भक्कम नाही, पण नुसत्या वहीपेक्षा कितीतरी बरे. चुकीची नोंद खाडाखोड करून गिरवू नका. एक रेघ मारा, वर दुरुस्ती करा, तारीख घाला. पांढरी शाई लावलेली वही बघून कुणाही वकिलाचे तोंड उतरते.

२६,००० रुपयांतला किती माल गेल्या ३ वर्षांतला आहे ते आधी तारखांवरून काढा. तेवढ्यासाठी लेखी कबुली आणि हप्ते मागा. त्याआधीची रक्कम येईल तेव्हा येईल असे समजून ती बुडीत खात्याकडे न्या.

महिनाअखेरीला माझ्या रोजमेळातली बँक शिल्लक आणि पासबुक कधीच जुळत नाहीत. कुणाचे चुकते? (छापखाना मालक, इचलकरंजी)

बहुधा कुणाचेच चुकत नाही. दोन्ही वह्यांत नोंदी वेगवेगळ्या दिवशी होतात, एवढेच. एक उदाहरण घेऊ. तुमच्या वहीप्रमाणे शिल्लक ४८,५०० आहे. तुम्ही कागदवाल्याला ६,२०० चा चेक दिला, त्याने तो अजून वटवला नाही: पासबुकात ६,२०० जास्त. गिऱ्हाइकाचा ९,००० चा चेक तुम्ही भरला, तो अजून वटायचा आहे: ९,००० कमी. बँकेने जीएसटीसह १७७ रुपये आकार कापला, तुम्हाला पत्ता नाही: १७७ कमी. कुणी परस्पर क्यूआर कोडवर १,२५० टाकले: १,२५० जास्त. पासबुकात दिसणार ४६,७७३.

दरमहा हा कागद करा. पहिल्या दोन बाबतींत वहीत काहीच करायचे नसते, ती आपोआप जुळतात. शेवटच्या दोन मात्र तुमच्या वहीत लिहायच्या राहिल्या आहेत, त्या लिहा. कागदवाल्याचा चेक ३ महिन्यांत बँकेत आला नाही तर तो शिळा होतो. मग ती रक्कम परत बँक खात्याला नावे आणि कागदवाल्याच्या खात्याला जमा करावी लागते.

एवढे करूनही फरक उरला तर त्याला ९ ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा: ५४० ऐवजी ४५० लिहिले तर फरक ९०, ८,१०० ऐवजी १,८०० लिहिले तर ६,३००. नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. त्या रकमेची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. आणि फरकाएवढीच रक्कम कुठे दिसली, तर ती नोंद एका वहीत राहून गेली आहे.

आठ-अ ला ‘खाते उतारा’ म्हणतात. बँकेत सातबारा दिला तरी आठ-अ मागितला. माझी एकाच गावात दोन खाती कशी दिसतात? आणि भावाभावांत खातेफोड करायची तर काय करावे? (जिल्हा अहिल्यानगर)

सातबारा जमिनीच्या तुकड्याचा असतो, आठ-अ माणसाचा. एका गावात तुमच्या नावावर जेवढे गट आहेत तेवढे सगळे गाव नमुना आठ-अ मध्ये एका खाते क्रमांकाखाली येतात: गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी आणि स्थानिक कर. मूळ हे सरकारचे वसुलीचे पान आहे, कुणाकडून किती सारा यायचा याचे. पीककर्ज देताना बँकेला तुमचे एकूण क्षेत्र एका नजरेत हवे असते, म्हणून ती हा उतारा मागते. बोजा, कुळाची नोंद वगैरे मात्र आठ-अ मध्ये दिसत नाही, ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात असते. जमीन घेताना कुणी नुसता आठ-अ दाखवत असेल तर सातबारा आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन खाती असण्यात चूक काही नाही. तुमच्या एकट्याच्या नावावरची जमीन एका खात्यात, आणि भावांसोबत सामाईक असलेली दुसऱ्या खात्यात. मालकांचा संच बदलला की खाते बदलते. दुसऱ्या गावात जमीन असेल तर त्या गावचा आठ-अ वेगळा. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे दिसले तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून नोंदलेली आहे, एकटी मालक म्हणून नव्हे. इथे भलेभले फसतात.

खातेफोड, म्हणजे सामाईक खाते फोडून ज्याच्या त्याच्या नावे करणे, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद पूर्ण करा. मग सगळ्या सहधारकांच्या सह्यांनी अर्ज द्या. सोबत सातबारा, आठ-अ आणि कोणत्या गटातले किती क्षेत्र कोणत्या बाजूचे कुणाला, याचा तक्ता जोडा. तहसीलदार नोटिसा काढून सर्वांचे जबाब घेतात, आदेश होतो, तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मग नवे खाते क्रमांक पडतात. गटाचे हिस्से पाडले असतील तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी वेगळी लागते. ती टाळली की कागदावर वाटणी होते आणि बांधावर भांडण राहते.

अर्ज अडकतात ते मुख्यतः तीन कारणांनी. बहिणींची नावे वगळलेली असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे तिला गाळून दिलेली संमती अपुरी. दुसरे, वाटणीतला तुकडा कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होतो. तिसरे, मालकीवरच वाद निघतो, आणि तो दिवाणी न्यायालयाचा विषय असल्याने तहसीलदार तिथे थांबतात. खात्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असेही नाही. महसुली नोंद सारावसुलीसाठी असते, मालकी ठरवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे.

आईचे जुने बचत खाते ‘निष्क्रिय’ झाले म्हणतात. पैसे गेले का? (ठाणे)

नाही. सलग २ वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरतात. बँकेने टाकलेले व्याज किंवा कापलेला आकार हा तुमचा व्यवहार मानला जात नाही. १० वर्षांनंतर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. तरीही खातेदार किंवा वारस आपल्या बँकेतूनच ती परत मागू शकतात.

आईची ओळख आणि पत्त्याची कागदपत्रे घेऊन शाखेत केवायसी पूर्ण करा आणि नंतर एखादा छोटा व्यवहार करा. १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार खाते पुन्हा सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंडही लावता येत नाही. बचत खात्यावरचे व्याज त्या काळातही जमा होत राहते. खाते कोणत्या बँकेत होते तेच आठवत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावाने शोधा. नामनिर्देशन नसेल तर याच फेरीत करून टाका.

‘पोलीस खाते’ बरोबर की ‘पोलीस विभाग’? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

बोलण्यात आणि वर्तमानपत्रात खाते: पोलीस खाते, टपाल खाते, पाटबंधारे खाते. शासन निर्णयाच्या माथ्यावर विभाग: गृह विभाग, महसूल व वन विभाग. मंत्र्यांच्या बाबतीत मात्र खाते हाच शब्द पक्का आहे. खातेवाटप होते, खातेबदल होतो, आणि कुणी बिनखात्याचा मंत्रीही असतो. उत्तरपत्रिकेत कार्यालयाचे अधिकृत नाव लिहायचे असेल तर विभाग लिहा. ‘खाते’ हे ‘खाणे’चेही रूप असल्याने या शब्दावर सरकारी कार्यालयांत जो विनोद चालतो, तो इथे छापायची गरज नाही.

‘खातेजमा करून घ्या’ असे एका सूचनाफलकावर वाचले. बरोबर आहे का? आणि सामन्यात ‘खाते उघडले’ का म्हणतात? (मडगाव)

फलकावरचे चुकले आहे. शब्द ‘खातरजमा’ असा आहे. त्यातली ‘खातर’ फारसीतून आलेली, मन या अर्थाची, म्हणजे खातरजमा करणे म्हणजे मनाची खात्री करून घेणे. बँकेतल्या जमेशी तिचा संबंध नाही. ‘खात्री’ ही तिचीच नातलग.

फलंदाजाच्या नावापुढे पहिली धाव लिहिली गेली की त्याचे खाते उघडले. निवडणुकीत पक्षाची पहिली जागा आली की त्याचेही उघडते. वहीत कोऱ्या पानावर नाव घालून पहिली रक्कम मांडतात, तसेच हे. धाव न काढता बाद झाला तर मात्र त्याला भोपळाही फोडता आला नाही असे म्हणतात.